बोर्डगेमला पेटंट मिळतं का? निफाडच्या एका खेळाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडजवळच्या एका शिक्षिकेने कांद्याच्या बाजारावर पटावरचा खेळ तयार केला आहे, नाव ‘कांदाचाळ’. प्रत्येक खेळाडू शेतकरी. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या आकड्यावर भावाची चकती लावायची, आणि माल आज विकायचा की चाळीत ठेवायचा हे ठरवायचं. चकती एक दात सरकली की तिला जोडलेल्या नळीतून एक मणी खालच्या खणात पडतो. म्हणजे साठवलेला कांदा सडला. ही यंत्रणा त्यांच्या दिरांनी आपल्या वर्कशॉपमध्ये बनवून दिली. जानेवारीत तालुक्याच्या प्रदर्शनात खेळ मांडायचा आहे. एका एजन्सीने ‘गेम पेटंट’साठी ८५ हजार रुपये सांगितलेत. घ्यावं का? आणि तोवर कुणी खेळ चोरला तर?

ताई, पेटंट एजंट म्हणून आधी उत्तर सांगतो, कारणं मग. ‘कांदाचाळ कशी खेळायची’ याला भारतात पेटंट मिळणार नाही. त्या एजन्सीला एकच प्रश्न विचारा: पेटंट कायद्याच्या कलम ३(एम)चं काय करणार? समोरचा गडबडला तर फोन ठेवा. ‘आमच्या ओळखी आहेत’ म्हणाला तर त्याहून लवकर ठेवा.

हे कलम जेमतेम एका ओळीचं आहे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात ‘शोध म्हणून काय धरायचं नाही’ याची एक यादी आहे. मानसिक कृती करण्याची नुसती योजना, नियम किंवा पद्धत आणि खेळ खेळण्याची पद्धत, ही त्या यादीत बसतात. खेळ कितीही नवा असो, कितीही हुशारीने रचलेला असो. पेटंट कार्यालयाचा परीक्षक ‘तुमचा खेळ चांगला नाही’ असं म्हणतच नाही. तो म्हणतो, हा विषयच माझ्या टेबलावरचा नाही. युरोपातही नियम जवळपास असाच आहे. अमेरिकेत पूर्वी हात सैल होता. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या खेळण्याच्या पद्धतीवर १९९७ मध्ये तिथे चक्क पेटंट मिळालं. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘अ‍ॅलिस’ खटल्यात अमूर्त कल्पनेला पेटंट नाकारल्यावर तिथलंही दार बरंच लोटलं गेलं. २०१६ मध्ये ब्लॅकजॅकचा एक नवा प्रकार आणि २०१८ मध्ये फाशांचा एक खेळ अपील कोर्टाने ‘ही नुसती अमूर्त कल्पना आहे’ म्हणत नाकारला.

आता तुमच्या खेळातला मला खरोखर आवडलेला भाग, ती मणी पाडणारी चकती. ‘साठवलेला कांदा दर फेरीला थोडा सडतो’ हा नियम झाला, त्याला पेटंट नाही. पण ‘चकती एक दात फिरली की नळीतून एकच मणी सुटतो, दोन सुटत नाहीत, आणि चकती उलटी फिरत नाही’ ही वस्तूची रचना आहे. ती कागदावर मांडता येते, तिचे दावे (म्हणजे नेमकं काय आपलं म्हणतोय ती वाक्यं) लिहिता येतात, आणि ३(एम) तिच्या आड येईलच असं नाही. बोर्डगेममध्ये ज्यांना पेटंट मिळतं त्यांचं बहुधा असंच असतं: ते खेळाचं साधन मांडतात, खेळणं मांडत नाहीत. प्लास्टिकच्या घुमटाखाली फासा ठेवून, घुमट दाबला की तो उडवणारी यंत्रणा तुम्ही पाहिली असेल. हात न लावता फासा टाकणं ही तिथे यंत्राची करामत आहे.

पण लगेच पेढे वाटू नका. अशा अर्जात माझं पहिलं काम असतं परीक्षक काय काढून दाखवेल ते आधी आपणच शोधणं. तुमची चकती पाहिल्या पाहिल्या मला पेरणीयंत्र आठवलं. टोकण यंत्रात बियाण्याची खाचा असलेली चकती असते. ती फिरते, प्रत्येक खाचेत एक दाणा येतो, नळीतून खाली पडतो. तुमचे दीर शेतीची अवजारं दुरुस्त करत असतील तर कल्पना तिथूनच आली असणार, आणि त्यात काही गैर नाही. पण परीक्षक म्हणेल की पेरणीयंत्रातली चकती खेळाच्या पटावर बसवणं या कामातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं. त्याला उत्तर द्यायचं तर दिरांना विचारा: बनवताना काय अडलं? मणी अडकत होते का? दोन-दोन पडत होते का? ते कसं सोडवलं? पेटंट कुठे असेल तर त्या सोडवणुकीत आहे, ‘मणी पडतो’ यात नाही. त्यांनी काही वेगळी खाच, स्प्रिंग, उतार असं काही केलं असेल तर त्याचे फोटो तारखेसह ठेवा आणि हाताने काढलेली आकृतीही जपा.

आणखी एक गोष्ट लोक नात्यात बोलायची टाळतात. यंत्रणा दिरांच्या डोक्यातून निघाली असेल तर संशोधक म्हणून अर्जावर त्यांचं नाव हवं. घरचं माणूस आहे म्हणून वगळून चालत नाही. खरा संशोधक लपवलेला अर्ज पुढे त्याच कारणावरून आव्हानाला येऊ शकतो. हक्क कोणाच्या नावावर राहणार हे आज चहा पिता पिता एका कागदावर लिहून सह्या करा. उद्या खेळ चालला तर तोच चहा कडू होतो, हे मी तीनदा पाहिलंय.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी फी तुम्हाला वाटते तितकी नाही. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर १,६०० रुपये. परीक्षणाची मागणी वेगळी, ४,००० रुपये, आणि ती आता ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर जलद परीक्षण मागता येतं, त्याची फी ८,०००. खरा खर्च मसुदा लिहिण्याचा, म्हणजे माझ्यासारख्यांचा. म्हणून माझा सल्ला मधला आहे. आत्ता फक्त तात्पुरता अर्ज, ज्याला आम्ही प्रोव्हिजनल म्हणतो, तो मुंबई पेटंट कार्यालयात दाखल करा. तारीख तुमच्या नावावर पडते आणि पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. त्या वर्षात खेळ विकला जातोय का ते कळेल. नाही गेला तर १,६०० रुपये आणि थोडी लेखनाची फी गेली, घर बुडालं नाही. परदेशात अर्ज करायचा विचार आला तर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं, किंवा तशी परवानगी घ्यावी लागते. तुम्हाला ते आत्ता लागणार नाही, पण दुबईतले नातेवाईक ‘इथेच करून टाकू’ म्हणाले तर लक्षात असू द्या.

हा अर्ज मात्र प्रदर्शनाच्या आधी जायला हवा. आपल्याकडे ‘आधी दाखवा, मग वर्षभरात अर्ज करा’ अशी अमेरिकेसारखी सरसकट सवलत नाही. प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. तालुक्याचं प्रदर्शन त्यात बसत नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. एजंट होण्याआधी मी चिंचवडला एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर होतो. मित्राबरोबर एक खेळ बनवला होता. त्याचा पट घडी घातल्यावर त्रिकोणी पेटी व्हायचा, आणि तो आकारच लोकांना आवडायचा. दिवाळीच्या एका प्रदर्शनात आम्ही साठेक नग विकले, पाठ थोपटून घेतली, आणि सात महिन्यांनी डिझाइन नोंदवायला गेलो. समोरच्या वकिलाने विचारलं, ‘हे आधी कुठे दाखवलंय का?’ आम्ही अभिमानाने बिलबुक पुढे केलं. तिथेच विषय संपला. २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे अर्जाच्या दिवशी डिझाइन नवं असावं लागतं, भारतात किंवा बाहेर कुठेही आधी प्रसिद्ध झालेलं चालत नाही. पुढच्या दिवाळीत आमचीच त्रिकोणी पेटी दुसऱ्या स्टॉलवर वीस रुपये स्वस्त होती. मी ती विकत घेतली. अजून कपाटात आहे.

त्यामुळे डिझाइन नोंदणीकडे मी पेटंटपेक्षा जास्त गांभीर्याने बघतो. तुमच्या चकतीचा बाहेरून दिसणारा आकार, पटाची कांदाचाळीसारखी कापलेली कड, सोंगट्यांची घडण, असं डोळ्याला दिसणारं सगळं त्यात येऊ शकतं. यंत्र आतून कसं चालतं ते येत नाही. व्यक्तीला एका अर्जाची फी १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. आणि ते न करण्यात एक छुपा खड्डा आहे. जे डिझाइन म्हणून नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याच्या औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १५. छापखाना ५०० च्या खाली क्वचितच बोलतो, म्हणजे पहिल्या छपाईतच तुम्ही ती रेघ ओलांडता. पटावर रंगवलेलं चित्र कलाकृती की डिझाइन, यावर कोर्टातही वाद घातला जातो. म्हणून नशिबावर न सोडता छापायच्या आधी अर्ज करावा.

हे कलम कागदी वाटत असेल तर कोलकात्याच्या दोन भावांची गोष्ट ऐका. रजत आणि जयंत अगरवाला यांनी ‘स्क्रॅब्युलस’ नावाचा शब्दखेळ इंटरनेटवर आणला आणि २००७ मध्ये तो फेसबुकवर तुफान चालला. खेळ ‘स्क्रॅबल’सारखाच होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. स्क्रॅबलचे हक्क दोन खेळणी कंपन्यांकडे: अमेरिका आणि कॅनडात हॅस्ब्रोकडे, बाकी जगात मॅटेलकडे. मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००८ मध्ये न्या. रवींद्र भट यांनी जो अंतरिम आदेश दिला तो आमच्या धंद्यात सगळ्यांनी वाचलेला आहे. पट आणि नियम यांवरचा कॉपीराइटचा दावा मॅटेलच्या उपयोगी पडला नाही. एक कारण म्हणजे कल्पना आणि ती मांडण्याची रीत इतकी एकजीव की वेगळं काही राखता येत नाही, आणि दुसरं म्हणजे हेच कलम १५. पण ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव मात्र भावांना वापरता येईना, कारण ‘स्क्रॅबल’ ही नोंदणीकृत व्यापारखूण, म्हणजे ट्रेडमार्क. त्यांनी ‘लेक्स्युलस’ असं नाव घेतलं आणि खेळ चालू ठेवला. म्हणजे जगातल्या एका बलाढ्य खेळणी कंपनीला तिचा पट आणि नियम कोर्टात राखता आले नाहीत, नाव राखता आलं.

तेव्हा पैसे मोजून खर्च करायचे असतील तर पहिला अर्ज नावाचा करा. ‘कांदाचाळ’ ही व्यापारखूण वर्ग २८ मध्ये, म्हणजे खेळ आणि खेळण्यांच्या वर्गात. व्यक्तीला ऑनलाइन ४,५०० रुपये, १० वर्षांनी नूतनीकरण, आणि ते कितीही वेळा करता येतं. पेटंट २० वर्षांनी संपतं, नाव संपत नाही. नाव चांगलंही आहे. खेळाचं वर्णन करत नाही, कानाला लागतं. पेटीवर खाली ‘कांद्याच्या बाजाराचा खेळ’ असं हवं तर लिहा, पण ते नाव म्हणून नोंदवायला जाऊ नका, वर्णनाला मक्तेदारी सहसा देत नाहीत. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘कांदाचाळ’ आणि तिची सगळी इंग्रजी स्पेलिंगं शोधून घ्या.

नियमपुस्तिकेवर आणि चित्रांवर कॉपीराइट तुम्ही ती केलीत त्या क्षणापासून आहेच. नोंदणी सक्तीची नाही, पुरावा म्हणून करायची तर करा. चित्रं कुणाकडून पैसे देऊन काढून घेतली असतील तर हक्क तुमच्याकडे आल्याचं लेखी घ्या. नियमपुस्तिकेतले शब्द तुमचे, नियम सगळ्यांचे. कुणी तोच खेळ लसूण घेऊन, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या चित्रांनी काढला तर मी तुम्हाला कोर्टात जा म्हणणार नाही.

आणि पेटंट मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं तर मुळीच नाही. मोनोपॉलीचं मूळ लिझी मॅगी या बाईंचा ‘लँडलॉर्ड्स गेम’. जमीनमालकांची मक्तेदारी कशी माणसाला पिळते हे दाखवायला त्यांनी तो केला आणि ५ जानेवारी १९०४ ला अमेरिकेत पेटंटही मिळवलं. लोकांनी पट हाताने उतरवून घेतले, आपापल्या गावांची नावं घातली आणि खेळत राहिले. पुढे चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाने त्यातलंच एक रूप पार्कर ब्रदर्सला विकलं आणि १९३५ मध्ये त्याच्या नावावरही पेटंट झालं. मॅगींचं १९२४ चं दुसरं पेटंट कंपनीने १९३५ मध्येच ५०० डॉलरला घेतलं, रॉयल्टी काही नाही. (आपल्याकडचा हिशोबही फार वेगळा नाही. पच्चीसीवरून बेतलेला ल्यूडो १८९६ मध्ये इंग्लंडात पेटंट झाला. कवड्या गेल्या, फासा आला. आपण मात्र अजून ‘सोंगट्या आपल्याच’ म्हणत बसतो. खऱ्या आहेत, पण त्याने कुणाचं भाडं निघत नाही.)

चोरीची भीती मला समजते, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. प्रकाशकाकडे रोज खेळ येतात. तुमचा चोरण्यापेक्षा विकत घेणं त्याला स्वस्त पडतं, कारण तुम्ही रॉयल्टीच मागणार. मी पाहिलेल्या करारांत ती पाच ते आठ टक्क्यांच्या आसपास असते, तीही पेटीवरच्या किमतीवर नव्हे, प्रकाशकाच्या हातात आलेल्या रकमेवर. गुप्ततेच्या करारावर सही मागू नका, बहुतेक जण करत नाहीत आणि तुम्ही नवखे आहात एवढं त्यांना कळतं. एक पान द्या: खेळ कशाचा, किती जण, किती वेळ, वेगळं काय. चकतीचा फोटो त्यावर मोठा टाका, अर्थात अर्ज झाल्यावर.

कॉपी करणारा असतो, पण तो चाललेल्या खेळाची कॉपी करतो. न चाललेला खेळ कुणी चोरत नाही. म्हणून तुमचा वेळ जिथे जायला हवा त्याबद्दल बोलतो, आणि इथे मी एजंटची टोपी काढून ठेवतो.

तुम्ही लिहिलंय की वर्गातल्या मुलांना खेळ खूप आवडला. ताई, बाईंनी बनवलेल्या खेळाला नावं ठेवेल असं मूल निफाड तालुक्यात सापडणार नाही. पेटी एखाद्या अनोळखी कुटुंबाला द्या, पुस्तिका हातात द्या, आणि कोपऱ्यात बसून तोंड बंद ठेवा. ते पुस्तिका चुकीची वाचतील, मणी उलटे भरतील, आणि तुमची जीभ वळवळेल. बोलायचं नाही, लिहायचं. कोण कधी मोबाइल काढतं ते लिहा. तोच खेळातला मेलेला क्षण. असे तीसेक डाव झाल्याशिवाय छापखान्याकडे जाऊ नका. तोवर पट पुठ्ठ्याचा, मणी भुलेश्वरहून किलोवर आणलेले, भाव पेन्सिलने लिहिलेले असू द्या. लॅमिनेशन केलेला पट बदलायला हात धजत नाही.

तुमच्या नियमांत दोन गोष्टी मला वाचतानाच दिसल्या. ‘निर्यातबंदी’चं कार्ड ज्याच्यावर येतं त्याचा माल चार फेऱ्या विकता येत नाही. कार्ड हवंच, डिसेंबर २०२३ ज्यांनी भोगला ते हे कार्ड पाहून हसतील आणि शिव्याही घालतील. पण चार फेऱ्या म्हणजे एक माणूस वीस-पंचवीस मिनिटं नुसता मणी पडताना बघणार. बंदी सगळ्यांना एकदम लागू करा, ज्याची चाळ मोठी तो जास्त भोगेल. खऱ्यातही तसंच होतं.

दुसरी गोष्ट चकतीची. तिच्यावर १ ते १२ असे कप्पे आहेत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ ही बेरीज सहा प्रकारे येते, ६ आणि ८ पाच-पाच प्रकारे, २ आणि १२ एकेकाच प्रकारे. तुम्ही ७ वर ९०० रुपये क्विंटल ठेवलेत, म्हणजे खेळाडूला तोच भाव सगळ्यात जास्त वेळा भेटणार. ते ठीक, अनुभवाला धरून आहे. पण सगळ्यात चढा भाव, ६,००० रुपये, तुम्ही १ वर ठेवलाय. दोन फाशांची बेरीज १ कधीच येत नाही. मुद्दाम केलं असेल तर मी तुम्हाला साष्टांग नमस्कार घालतो. नसेल तर तो १२ वर न्या, म्हणजे ३६ पैकी एकदा तरी कुणाचं भलं होईल.

बाजारात विकायचं ठरलं तर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, बघावं लागेल. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. पेटीवर ‘१४+’ छापलं की सुटलो असं सांगणारे भेटतील. तुमचा खेळ पाचवीच्या वर्गासाठी आहे हे तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय. आणि मणी लहान आहेत, घरातल्या दोन वर्षांच्या पोराच्या घशात जातील. ते मोठे करता येतात का हे दिरांना विचारा. त्याने चकतीची खाच बदलेल, म्हणून हा बदल अर्जाच्या आकृत्या काढण्याआधी व्हायला हवा.

जानेवारीला अजून वेळ आहे. नावाचा अर्ज या आठवड्यात करा, तो तुम्ही स्वतःही भरू शकता. चकतीचा तात्पुरता अर्ज आणि डिझाइनचा अर्ज मणी मोठे करून झाल्यावर, पण प्रदर्शनाआधी. मला मात्र त्याआधी एक गोष्ट खरीखरी कळवा: चकतीचा व्हिडिओ शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकून झालाय का? टाकला असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या ग्रुपवर, आणि त्यात आतली खाच दिसते का.